बरणीतला माको

देवघरातल्या निर्माल्यासारखे आमच्याकडे किस्से साठतात, फेकवत नाहीत! हे सरकारी खात्यात शार्क ओळखतात, मी सोमवार, गुरुवार, चतुर्थी करते. कोलकात्यातल्या बेहालाच्या दोन खोल्यांत दोन्ही उद्योग सुखाने नांदतात.

*

सध्या माकोपुराण चालू आहे. माको शार्कच्या जाती दोन, सख्ख्या भावांसारख्या. एकाचे बाजूचे पर आखूड, दुसऱ्याचे थेट डोक्याइतके लांब. आखूडवाल्याची हनुवटी पांढरी, लांबवाल्याची काळपट.

सासूबाई ह्यांना फोनवर म्हणाल्या, "आणि एवढ्यासाठी सरकार तुला पगार देतं?"

*

सरावासाठी ह्यांनी बाजारात टेप काढून रोहूचेच पर मोजायला घेतले. मासेवाला म्हणाला, "दादा, खाणार आहात की शर्ट शिवणार?"

*

ऑफिसात एक बरणी आहे. आत माकोचं पिल्लू, वर पाटी: 'आखूड परांचा'. ह्यांचं म्हणणं, लांब परांचा! रंग केव्हाच उडालेला. उघडून मोजायचं तर साहेबांची, म्हणजे घोषबाबूंची, सही हवी. आणि पाटी त्यांच्याच हातची!

"पाटी बरोबर आहे," घोषबाबू म्हणाले. "मासा चुकला असेल!"

महिन्यावर प्रदर्शन, चुकीच्या पाटीखाली ह्यांचं नाव जाणार. जेवतानाही ह्यांच्या तोंडी बरणीच!

*

मी नवस बोलले. पाटी बदलेपर्यंत गोड बंद. तेही कोलकात्यात!

"देवाला शार्कचं काय पडलंय?" हे वैतागले.

"अहो, पहिला अवतार कसला होता?"



*

चतुर्थीला घोषबाबू घरी आले. पाच मोदक झाल्यावर त्यांनी विचारलं, "बौदी, तुम्ही नाही घेत?" इथे वहिनीला बौदी म्हणतात.

ह्यांनी खाली मान घालून नवस सांगितला. सहावा मोदक साहेबांच्या हातातच राहिला.

"मिष्टी बंद? माझ्या पाटीमुळे?"

*

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी घोषबाबू पुन्हा दारात. हातात मिठाईचा खोका, त्यावर दोऱ्याने बांधलेली, बरणीवरून उतरवलेली जुनी पाटी. आत साच्यातला, माशाच्या आकाराचा संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई. इथे दुकानोदुकानी मिळतो तसाच. फक्त दोन्ही बाजूंना नव्याने चिकटवलेले लांबलचक पर!

"बौदी, मोजून घ्या."

हे टेप शोधायला धावले. मी खोक्याचाच दोरा घेतला. डोकं मोजलं, पर मोजला. सुताचाही फरक नाही!

"अगं, पण तू मासा कुठे खातेस?" हे म्हणाले.

मी संदेश देवापुढे ठेवला, हात जोडले आणि डोक्यापासून सुरुवात केली!