इंजिन सरळ बसवा, सावंत

मॅडमनी विमानाचा पंखा आणि नाक यांच्यामधल्या फटीत आधी डाव्या बाजूने बोट घातलं, मग उजव्या बाजूने. डावीकडे बोट आरामात आत गेलं. उजवीकडे नखाशीच अडकलं.

“सावंत, नाक वाकडं आहे.”

“नाक सरळ आहे, मॅडम. इंजिन वाकडं आहे,” मी म्हणालो. हे बोलून आपण आपली बाजू मजबूत केली, असं मला क्षणभर वाटलंसुद्धा.

आधी माझा धंदा सांगतो. मी विमानं बनवतो. लग्नाच्या वेळी सासरी एवढंच सांगितलं होतं. सासऱ्यांनी पुढे चौकशी केली नाही आणि आम्हीही साइझ सांगितला नाही. ही विमानं रिमोटवर उडतात. खऱ्या विमानाच्या मापांवरून प्रमाणात लहान केलेली, म्हणून त्यांना स्केल मॉडेल म्हणतात. मुलुंडला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. लाकूड, कापड, रंग हे माझं खातं. इंजिन आणि लोखंड माझा पार्टनर दिनेश परब याचं. दिनेश मालवणचा. चिडला की मालवणीत जातो, आणि माझ्यासोबत काम करत असल्यामुळे तिथेच जास्त असतो.

आणि या मॅडम म्हणजे प्रभा कर्णिक. एका फ्लाइंग क्लबमध्ये त्या वर्षानुवर्षं इन्स्ट्रक्टर होत्या. आता वय पंचाहत्तरच्या पुढे, राहायला घाटकोपरला. त्यांनी आम्हाला पुष्पकची ऑर्डर दिली होती. पुष्पक म्हणजे दोन माणसांचं छोटं शिकाऊ विमान, पंख डोक्यावर, एक चाक शेपटीखाली. क्लबातली पुष्पकं कधीच भंगारात गेली. मॅडमचे जुने विद्यार्थी, आता तेही आजोबा-आज्या, जानेवारीतल्या एका रविवारी एकत्र जमणार होते. त्यांच्यासमोर पुष्पकने पुन्हा एकदा जमीन सोडावी, एवढीच मॅडमची इच्छा होती. आम्ही ते खऱ्याच्या एक चतुर्थांश मापाचं केलं. पंख जोडले की गाळ्याचं दार बंद होत नसे.

इंजिनाच्या आवाजावर एक फेरी आधीच झाली होती. दिनेशने पहिल्यांदा टू-स्ट्रोक इंजिन चालवून दाखवलं, तर मॅडम म्हणाल्या, “हे विमान चावेल असं वाटतं.” मग फोर-स्ट्रोक घेतलं. त्याचा संथ टपटप आवाज ऐकून त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. आम्ही त्याला होकार समजलो.

आता हे वाकडेपण. पंखा फिरायला लागला आणि पॉवर वाढवली की विमानाचं नाक आपोआप डावीकडे ओढलं जातं. खऱ्या विमानात पायलटच्या पायाशी दोन पेडल असतात. उजवं दाबलं की शेपटीवरची उभी फळी, म्हणजे रडर, उजवीकडे वळते आणि नाक सरळ राहतं. मॉडेलमध्ये पाय नाहीत. म्हणून आम्ही मॉडेलवाले एक पळवाट काढतो. नाकाच्या मागे प्लायची जाड भिंत असते, तिच्यावर इंजिन बसवताना एका बाजूला वॉशर सरकवायचे. इंजिन किंचित उजवीकडे बघायला लागतं आणि डावीकडची ओढ आपोआप खाऊन टाकतं. जमिनीवर उभा असलेला माणूस निवांत. जगभर हेच करतात. मी हे सगळं मॅडमना समजावून सांगितलं. ज्यांनी निम्मं आयुष्य माणसांना उजवा पाय द्यायला शिकवलं, त्यांना मी उजवा पाय म्हणजे काय ते समजावत होतो. दिनेश माझ्याकडे बघायचं टाळत होता.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“थोडा तिरपेपणा खऱ्यातही असतो कधी कधी,” त्या म्हणाल्या. “पण बोट जाईल एवढा नाही. सरळ करा.”

“मग टेकऑफला ते डावीकडे पळेल.”

“पळणारच. पुष्पक आहे ते.”

दिनेशने मध्ये तोंड घातलं. “मॅडम, रिमोटमध्ये सेटिंग करता येतं. पॉवर वाढवायला थ्रॉटल वर केला की रडर आपोआप उजवीकडे. तुम्हाला इंजिन सरळ, याला टेन्शन नाही.”

“म्हणजे पाय कोणाचा?”

“कॉम्प्युटरचा.”

“वारा कुठून आहे ते त्याला कळतं?”

“नाही. तो आपला दर वेळी तेवढाच देणार.”

“मग त्याला मी सोलोला, एकट्याने उडवायला, सोडलं नसतं,” मॅडम म्हणाल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. “सावंत, येणाऱ्या प्रत्येकाला मी त्या विमानात शिकवलंय. त्यातला प्रत्येक जण एकदा तरी डावीकडच्या गवतात गेलाय. त्यांना आपोआप सरळ जाणारं पुष्पक दाखवलं, तर ते चांगले लोक आहेत, टाळ्या वाजवतील. मला तसल्या टाळ्या नकोत.”

दिनेशने इंजिन उतरवलं. नुसते वॉशर काढून भागत नाही. तिरपं बसवताना इंजिन थोडं बाजूला सरकवलेलं असतं, त्यामुळे जुनी भोकं बुजवून नवी पाडावी लागली. दोन दिवस तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला. काम खूप होतं, म्हणून बरंच बोलला, पण सगळं मालवणीत.

ट्रायलला आम्ही बदलापूरच्या पुढे गेलो. तिथे एका ओळखीच्यांचा मोकळा माळ आहे, परवानगीचे सोपस्कार करून आम्ही तिथेच उडवतो. मॅडम टोपी घालून आल्या. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, पण त्या माझ्या उजव्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. इन्स्ट्रक्टर तिथेच बसत असावेत.

मी थ्रॉटल दिला. पुष्पक पळायला लागलं. टपटपचा भरीव आवाज झाला, लाल-पांढरे पंख उन्हात चमकले. मी बघतच राहिलो. नाक हळूच डावीकडे वळलं.

“उजवा पाय,” मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्या आवाजाला नाही म्हणता येत नाही.

मी उजवा पाय दाबला.

म्हणजे खरोखर दाबला. माझा स्वतःचा. बूट मातीत रुतेपर्यंत. डावा अंगठा, जो रडरसाठी हलवायचा होता, तो जागच्या जागी. पुष्पक छान गोल वळण घेऊन डावीकडच्या झुडपात शिरलं आणि आवाज बंद झाला.

“मेल्या, पाय खंय दाबतंस?” दिनेश ओरडला. “विमान थंय असा!”

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी माझ्या बुटाकडे बघितलं.

“कोणता पाय दिलात?”

“उजवा.”

“मग तुमचं बरोबर आहे. चूक विमानाची.” आणि मग त्या हसायला लागल्या. टोपी काढून, खुर्चीचा आधार घेऊन, डोळे पुसत हसल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या शब्दावर एवढा तंतोतंत पाय कोणी दिला नव्हता म्हणे.

नुकसान फार नव्हतं. लाकडी पंखा तुटला, एका चाकाची तार वाकली, नाकाला तडा गेला. दिनेशने सगळं उचलून गाडीत ठेवलं. “आता वॉशर घालूया ना गपचूप?” तो माझ्या कानात म्हणाला. खरं सांगतो, माझ्याही मनात तेच होतं. दुसरं विमान बनवायला वेळ नव्हता. जानेवारीत हे मोडलं असतं, तर मॅडमचे विद्यार्थी आमच्या गाळ्याच्या नावाचे तुकडे वेचून घरी गेले असते.

मॅडमनी ऐकलं असावं. गाडीत बसताना म्हणाल्या, “रिमोट घेऊन घरी ये. विमान नको आणूस.”

मला ‘ये’ म्हणाल्या. आतापर्यंत ‘या’ होतं. नंतर कळलं, विद्यार्थ्याला त्या अरेतुरेच करतात.

घाटकोपरला त्यांच्या घरावरून विमानं खाली उतरत उतरत एअरपोर्टकडे जातात. प्रत्येक विमानाला त्या बोलणं थांबवतात, कारण ऐकूच येत नाही. आणि ते गेलं की एक शेरा मारतात. “हा जरा घाईत आहे.” किंवा “हिचं छान चाललंय.” आत ही आहे की हा आहे हे कसं कळतं, ते मी विचारलं नाही.

मला त्यांनी जेवणाच्या टेबलाशी बसवलं. हातात रिमोट, समोर भिंत. आणि त्यांनी तोंडाने इंजिनाचा आवाज काढायला सुरुवात केली. पंचाहत्तरी उलटलेली, कानात मोत्याच्या कुड्या घातलेली बाई टेबलाच्या पलीकडे उभी राहून आधी संथ टपटप, मग चढता आवाज, आणि शेपटी उचलते तेव्हाचा किंचित वेगळा सूर. चुकून हसू येईल म्हणून मी रिमोटकडे बघत होतो. दोन मिनिटांनी हसू विसरलो. मला पुष्पक दिसायला लागलं होतं.

“तू काय करतोस,” त्या म्हणाल्या, “नाक वळलेलं दिसलं की पाय देतोस. दिसल्यावर दिलेला पाय म्हणजे उशिरा दिलेला पाय. पॉवर आणि पाय ही दोन कामं नाहीतच. एकच आहे.”

“माझ्या रिमोटवर दोन्ही एकाच दांडीवर आहेत, मॅडम. वर ढकललं की पॉवर, बाजूला ढकललं की रडर.”

“दाखव.” त्यांनी रिमोट हातात घेतला, डावी दांडी सरळ वर नेली, मग तिरकी वर नेली, आणि थबकल्या. “अरे, हे तर आमच्यापेक्षा सोपं आहे. अंगठा सरळ वर न्यायचाच नाही. तिरका न्यायचा. आणि शेपटी उचलली की अजून थोडा, कारण तेव्हा ते परत एकदा ओढतं.”

मॉडेल उडवून माझे केस पांढरे झालेत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी वॉशर असताना ऐकलं कोणी असतं?

मग मी मोजके रविवार घाटकोपरला जात राहिलो. त्या आवाज काढायच्या, मध्येच न सांगता वारा बदलायच्या. “डावीकडून आला. आता?” मी चुकलो की त्या नुसतं “गवत” म्हणायच्या. एका सकाळी मी सलग गवतात होतो. घरी मी टीव्हीच्या रिमोटवर अंगठा तिरका करून बघायचो. बायको म्हणाली, “चॅनल बदलत नाहीये, हे तुझ्या लक्षात येतंय ना?”

जानेवारीतल्या त्या रविवारी माळावर दहा-बारा खुर्च्या लागल्या. कोणी काठी घेऊन आलं, कोणी नातीला घेऊन. एक काका मोठमोठी विमानं चालवून रिटायर झालेले. त्यांनी पुष्पकच्या पंखाखाली वाकून बघितलं आणि आत हात घालून दाराची कडी लावून बघितली. कडी लागली. मला जरा बरं वाटलं. मग एक बाई नाकाच्या समोर उभ्या राहिल्या, मान तिरपी केली, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, “इंजिन सरळ बसवलंय, प्रभामॅम?”

“हो.”

“मग चालवणार कोण?” त्यांनी जराशा काळजीने विचारलं.

“सावंत. माझा विद्यार्थी आहे,” मॅडम म्हणाल्या.

वारा डावीकडूनच होता, मुद्दाम पाठवल्यासारखा. म्हणजे विमान डावीकडे आणखीनच ओढणार. दिनेशने इंजिन चालू केलं, शेपटी धरली, मग सोडली. या वेळी मॅडम माझ्या खांद्यामागे नव्हत्या. त्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या. सोलोला इन्स्ट्रक्टर खाली उतरतो, हे मला तेव्हा आठवलं.

अंगठा तिरका वर. रडर उजवीकडे गेला, आणि त्यानंतर विमान हललं. त्या क्रमाने. शेपटी उचलली, अजून थोडा अंगठा. नाक थरथरलं, पण वळलं नाही. रेघ ओढल्यासारखं ते धावत गेलं आणि चाकांखाली उजेड दिसला. मी दोन मोठे गोल मारले. उतरवताना तीन उड्या झाल्या. पण ते माझं मूळचंच आहे, त्यात इंजिनाचा संबंध नाही.

माझे डोळे विमानावर होते, त्यामुळे मागचं मला दिसलं नाही. नंतर दिनेशने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. त्याने विमानाऐवजी चुकून खुर्च्याच जास्त घेतल्या होत्या. पॉवरचा आवाज चढतो, आणि त्या रांगेतले सगळे उजवे पाय, बूट, चपला, एक गुडघ्याला पट्टा बांधलेला, एकाच वेळी माळावर दाबले जातात. कोणी कोणाकडे बघत नाही. विमान उचललं की सगळे पाय एकदम सैल. दिनेश तो व्हिडिओ परत परत बघत होता.

टाळ्या वाजल्या नाहीत. ज्यांनी मोठी विमानं चालवली होती ते काका नाक पुसत उठले आणि म्हणाले, “मॅम, याला कितव्या तासाला सोलोला सोडलंत?”

“लवकर सोडलं,” मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, “टेकऑफ ठीक. लँडिंगचं रविवारी बोलू.”

मी अजूनही घाटकोपरला जातो. लँडिंगला वेळ लागेल असं दिसतंय.

धंद्यापुरता यातून मी एकच बदल केला. ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाला विचारतो, विमान उडायला हवंय की उडवायला? बहुतेक जण गोंधळतात आणि “उडायला” म्हणतात. त्यांना मी मुकाट्याने वॉशर घालून देतो आणि ते खूश असतात. सरळ इंजिनाबरोबर शिकवणारं माणूस लागतं, आणि तो पार्ट आमच्या गाळ्यात बनत नाही.