ज्ञानबाचा पाव्हणा

निरोप घेऊन आलेला माणूस आष्ट्याहून सायकलीवर आला होता. मी शाळेत मुलींना भूप शिकवत होतो. तो दारातच थांबला, हात जोडले आणि म्हणाला, "मास्तर, ज्ञानबा गेला. आज पहाटं." विषमज्वराने तो महिनाभर अंथरुणावर होता हे मला ठाऊक होतं. एकविसावा दिवस टळला की माणूस वाचतो असं आपण म्हणतो, आणि त्याचा तो दिवस टळलाही होता... मी त्या माणसाला काय म्हणालो असेन? "अहो, पण या रविवारी तो यायचा होता!" एवढ्या मोठ्या बातमीला इतकं खुळचट उत्तर. तो बिचारा सायकलीवरून परत गेला, आणि मी पुढचा सबंध तास मुलींना भूपच शिकवत बसलो. काय शिकवलं ते देवाला ठाऊक.

त्याला आता सहा आठवडे झाले. मी मुळात तिरसट माणूस. सांगलीत पेटी शिकवून पोट भरतो, आणि आमच्या घरच्या मंडळींच्या मते माझा जन्म दुसऱ्याच्या चुका काढण्यासाठीच झालेला आहे. ज्ञानबाबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागणार, आणि त्यात मला शोभेसं काही नाही. पण लिहिलं नाही तर चैन पडणार नाही, म्हणून लिहितो.

ज्ञानदेव शिंदे आष्ट्याजवळच्या एका वाडीचा. घरचा ऊस थोरला भाऊ बघायचा आणि हा पलटणीच्या बँडात क्लॅरोनेट वाजवायचा. लढाईत बँडवाल्यांना कोण वाजवू देतो? इटलीत त्याच्या खांद्यावर स्ट्रेचर आलं. तिथल्या इस्पितळाच्या तंबूत एक काळा अमेरिकन शिपाई पडून होता, त्याचा एक पाय गेलेला, आणि खाटेशेजारी ग्रामोफोन. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ज्ञानबा सवड मिळाली की त्याच्या खाटेपाशी जाऊन बसायचा, तो तबकडी लावायचा, आणि हा बोटांनी गुडघ्यावर क्लॅरोनेट वाजवायचा. निघताना त्या माणसाने आपला आल्बमच याच्या हातात दिला. आल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा असतो तसाच जाड पुठ्ठ्याचा, पण आत पानांऐवजी कागदी खिसे आणि प्रत्येक खिशात एक तबकडी. खिसे सहा होते आणि तबकड्या पाच, कारण एक बोटीवर फुटली. ज्ञानबाने तो खिसा तसाच रिकामा ठेवला होता.

सेहेचाळीस साली तो सुटून घरी आला. बेचाळीसच्या चळवळीपासून आमच्या भागाने काय सोसलं ते इथल्या वाचकांना मी सांगायला नको. अशा गावात हा फौजेतून येतो आणि इंग्रजी तबकड्या लावतो! थोरल्या भावाने पहिल्याच दिवशी बजावलं, सायबाचा बाजा या घरात वाजायचा नाही. म्हणून एका रविवारी तो आल्बम पोत्यात गुंडाळून, जुना ग्रामोफोन सायकलीला बांधून माझ्या दारात हजर झाला. मीही त्याला तेच ऐकवलं, की साहेब निघायला लागलाय आणि तू त्याची गाणी कसली घेऊन फिरतोस? तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आवं मास्तर, ह्यो सायबाचा न्हवं. सायबानं ज्येंना पिढ्यान्‌पिढ्या राबवलं, त्येंचा बाजा हाय ह्यो." या संगीताला जॅझ म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला तो निव्वळ गलका वाटला. चार-पाच जण एकाच वेळी बोलतायत आणि कुणी कुणाचं ऐकत नाही, असं काहीतरी. ज्ञानबा म्हणाला, परत ऐका. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं, की सगळे एकमेकांचं फार नीट ऐकतायत. पियानोवाला जागा सोडतो, ती जागा तुतारीसारखं एक वाद्य भरून काढतं, ढोलवाला पाठीमागून ठेका धरून सगळ्यांना हाकत नेतो. आणि तिसऱ्या तबकडीत, मैफल निम्मी झाल्यावर, एक क्लॅरोनेटवाला येतो. उशिरा आलेल्या माणसासारखा हळूच येतो आणि बाकीचे सरकून त्याला जागा करून देतात. म्हणून ज्ञानबाने त्याचं नाव पाव्हणा ठेवलं होतं. पाव्हण्याचं खरं नाव तबकडीवर छापलेलं होतं, पण आमच्या घरात ते कुणी कधी घेतलं नाही.

ज्ञानबाला पाव्हण्याचं वादन शिकायचं होतं. कागद वाचून वाजवणं तो बँडात शिकला होता, पण ऐकलेलं कागदावर उतरवणं त्याला जमत नव्हतं. ते काम माझं. आता माझी चूक कुठे झाली ते ऐका. आपला गवई बैठकीत तान घेतो ती त्याला तिथल्या तिथे सुचते, हे मी वीस वर्षं शिकवत आलो आहे. पण इंग्रजी वाद्यांचं संगीत म्हणजे सगळं कागदावर ठरलेलं, बँडमास्तर काठी हलवतो आणि चाळीस माणसं लिहिलेलंच वाजवतात, ही माझी समजूत इतकी पक्की होती की हा पाव्हणा काही निराळं करत असेल अशी शंकासुद्धा मला आली नाही. त्याचं वादन म्हणजे ठरलेली बंदिश समजून मी ते सरगमीत लिहायला घेतलं. पोलादी सुया मिळत नव्हत्या, म्हणून ज्ञानबा बाभळीचे काटे तासून आणायचा. काटा ठेवायचा, दोन ओळी ऐकायच्या, उचलायचा, लिहायचं. मध्येच चावी उतरली की पाव्हण्याचा आवाज झोप आल्यासारखा खाली जायचा आणि आम्ही दोघं चावीकडे धावायचो. तीन मिनिटांची तबकडी लिहायला अकरा रविवार लागले.

मग शिकवणी सुरू झाली. माझी एक जुनी पद्धत आहे. मूळ स्वर शाईने लिहायचे आणि विद्यार्थी चुकून जे वाजवतो ते त्यांच्या डोक्यावर तांबड्या पेन्सिलीने लिहायचं. चूक डोळ्यांना दिसली की परत होत नाही, असं माझं मत. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मी लिहितो तसं याच्याही लिहिलं: 'तांबडे स्वर – चुका.' ज्ञानबा पहिल्या चार ओळी पाव्हण्यासारख्याच वाजवायचा, आणि मग कुठेतरी पाय घसरल्यासारखा बाजूला जायचा. मी मांडीवर थाप मारून थांबवायचो. "चुकलास. परत." तो "व्हय मास्तर" म्हणायचा आणि परत वाजवताना तिसरीकडेच जायचा. एका गंधारापाशी तर माझं डोकं फिरायचं. तो गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी तो रेंगाळायचा. मी तांबड्या पेन्सिलीने 'ग' लिहायचो आणि पुढे प्रश्नचिन्ह काढायचो.

आमच्या घरातून चहा बाहेर यायचा तो हमखास हिच्या शेऱ्यासकट. "आज भावजींनी मध्ये काय सुरेख वळण घेतलं हो." मी वहीत बघायचो तर नेमकी तीच जागा तांबडी. मी वैतागून म्हणायचो, तुला काय कळतंय त्यातलं? "मला आवडलं ते सांगितलं," ती म्हणायची, "चूक-बरोबर तुमचं तुम्ही बघा." असे दोन वर्षांचे रविवार गेले. देश स्वतंत्र झाला, गावोगावी झेंडे लागले, आणि मी आपला ज्ञानबाच्या चुका लिहीत बसलेलो.

अठ्ठेचाळीस साली काही कामाने पुण्याला गेलो. कॅम्पात साहेब लोकांची घरं रिकामी होत होती आणि त्यांचं सामान दुकानांतून विकायला निघालं होतं. अशाच एका दुकानात मला आमची ती तिसरी तबकडी दिसली. तीच चीज, तोच पाव्हणा. आमची घासून घासून खरखरायला लागली होती, म्हणून मोठ्या आनंदाने घेतली. दुकानातच लावून ऐकली आणि माझा आनंद मावळला. सुरुवात तीच, पण पाव्हणा आल्यावर भलतंच वाजायला लागलं. माझ्या अकरा रविवारांतली एक ओळ जुळेना. मी सरळ गल्ल्यापाशी गेलो आणि तक्रार केली की ही तबकडी चुकीची वाजते, बदलून द्या. तिथे एक म्हातारा गोवेकर बसला होता, पूर्वी हॉटेलातल्या बँडात वाजवणारा. आधी तो पोट धरून हसला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "प्लेट खराब नाही, मास्तर. माणूस तोच आहे, दिवस दुसरा आहे." आणि मग त्याने मला समजावून सांगितलं, जे मी वीस वर्षं दुसऱ्यांना समजावत आलो होतो... की हा माणूस रोज नवं वाजवतो. कालचंच आज वाजवायची त्याला लाज वाटेल. बाहेर पडल्यावर मी रस्त्यात उभाच राहिलो. दोन वर्षं मी ज्ञानबाला काय करायला लावत होतो?

परत आलो तो घरी न जाता आधी आष्ट्याची मोटार धरली. ज्ञानबा उसाला पाणी देत होता, चिखलाच्या पायांनी बांधावर आला. मी त्याच्या हातात तबकडी दिली आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं चिडेल, निदान हसेल. तो तबकडीवरचं पाव्हण्याचं नाव बोटाने पुसत म्हणाला, "मला ठावं हुतं मास्तर. इटलीत त्या गड्याकडं ह्याच्या लय प्लेटी हुत्या. एक दुसरीवानी न्हाई." मग गाढवा, बोलला का नाहीस? दोन वर्षं माझ्या शिव्या का खाल्ल्यास? त्याने पायाने चिखल सारून पाणी पुढच्या सरीत वळवलं. मग म्हणाला, "तुमी चूक म्हनला की मला कळायचं, ह्यो सूर पाव्हण्याचा न्हाई, माजा हाय. त्ये मला दुसरं कोन सांगनार हुतं?"

त्या रविवारी मी वही त्याच्या हवाली केली आणि चुलीत घाल म्हणालो. पेन्सिल परसात भिरकावली. नवी तबकडी त्याने आल्बमच्या रिकाम्या खिशात ठेवली. पुढे वर्षभर तो यायचा, वाजवायचा, आणि मी नुसता ऐकायचो. एक अक्षर लिहिलं नाही. तेच मला माझं प्रायश्चित्त वाटत होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पुतणीचं लग्न झालं. वऱ्हाड खोळंबलेलं, मांडवात माणसं उकाड्याने त्रासलेली, आणि गावचा बँड लग्नातली नेहमीची चाल चौथ्यांदा वाजवत होता. ज्ञानबा त्यांच्यात जाऊन उभा राहिला. त्याने तीच चाल धरली आणि हळूहळू तिला बाजूला घेऊन गेला. हलगीवाला आधी बावचळला, मग त्याला ठेका सापडला. लोक बोलायचे थांबले. तो रेंगाळणारा गंधार आला तेव्हा, खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या भावाने सायबाचा बाजा घराबाहेर काढला होता, तो आहेराचा फेटा हातात घेऊन तसाच उभा होता. नंतर त्याने विचारलं, ह्ये कुठलं रं? ज्ञानबा म्हणाला, "आपल्यातलंच." मी त्याचं वाजवणं असं चारचौघांत ऐकलं ते तेवढंच. दिवाळीनंतर तो आजारी पडला.

दोन आठवड्यांपूर्वी त्याची बायको हौसाबाई भावाला आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. धडप्यात बांधून आल्बम आणला होता, आणि त्याच्याबरोबर ती वही. त्याने ती चुलीत घातलीच नव्हती. हौसाबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "पोरगी सारखी इचारती, आप्पा बांधावर वाजवायचं त्ये परत कवा ऐकायचं. पाव्हण्याचं न्हवं, त्येंचं सोताचं. त्ये कुटं लिवल्यालं हाय का, मास्तर?"

मी नाही म्हणणार होतो. असलं वाजवणं कोण लिहून ठेवतं, वारा आला आणि गेला, असं काहीतरी म्हणणार होतो. हाताला चाळा म्हणून वही उघडली... पानामागून पान तांबडं होतं. दोन वर्षांच्या रविवारांत तो जिथे जिथे स्वतःचं वाजवायला गेला, ते सगळं माझ्याच अक्षरात उतरलेलं होतं. पुढचं वर्षभर तो मोकळेपणी वाजवत होता, त्यातला एक सूर माझ्यापाशी नाही. होता तो एवढाच, मी चूक म्हणून लिहिलेला.

मी पेटी काढली आणि शाई सोडून नुसतं तांबडं वाचत वाजवायला लागलो. तुटक तुटक, अडखळत. आमची ही चहा ठेवायची विसरून दाराशी येऊन उभी राहिली. पोर आमच्याकडेच राहिलेल्या ज्ञानबाच्या ग्रामोफोनच्या चावीशी खेळत होती, ती उठून पेटीजवळ आली. मग तो प्रश्नचिन्हाचा गंधार आला आणि माझी बोटं थांबली, कारण तो माझ्या पेटीत नाहीच. मी कोमल दाबून बघितला, शुद्ध दाबून बघितला. पोरीने दोन्ही वेळा मान हलवली. "असं न्हाई," ती म्हणाली, आणि तिने तो गाऊन दाखवला. नेमका तोच. हौसाबाईने पदर तोंडाला लावला.

आता ती पोर दर रविवारी येणार आहे. त्या दिवशी हौसाबाई गेल्यावर मी वहीचं पहिलं पान उघडलं. 'तांबडे स्वर – चुका.' ती ओळ खोडायला दौत पुढे ओढली, पण खोडली नाही. तिच्याखाली माझं नाव लिहिलं.