फेस बसू द्या

परवा-परवापर्यंत धावड्यात आमच्या गल्लीत कुणी नवा पाहुणा आला की मच्छिंद्रच्या घरासमोर त्याची मान आपोआप वर जायची. पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी जीप उभी असायची, आणि ती एवढी उंच, की तिच्याखालून कुत्रं शेपूट ताठ ठेवून पलीकडं जायचं. पाहुणा विचारायचा, "ही काय डोंगरावर चालती का?" मी शेजारधर्म म्हणून उत्तर द्यायचो, "न्हाई पाव्हणं, ही शेडमधीच चालती."

मच्छिंद्र माझा सख्खा शेजारी. मधली भिंत सामाईक, त्यामुळं त्याच्या घरातलं भांडण मला घरबसल्या ऐकायला मिळतं. तरुणपणी तो भोकरदन-जाफराबाद लाइनीवर काळीपिवळी चालवायचा. नऊ माणसांच्या जागेत एकोणीस बसवायचा आणि विसाव्याला म्हणायचा, "या की, गाडी खालीच हाय!" पुढं घरोघर मोटारसायकली आल्या आणि लाइन बसली. बाकीच्यांनी आपापल्या जीपा भंगारात घातल्या. मच्छिंद्रनं आपलीला हिरवा रंग दिला, शेडमध्ये घेतली आणि शेती करता करता तिची सेवा सुरू केली. बायकोला कधी ताप आला तर हा क्रोसिनची गोळी आणून द्यायचा. जीप खोकली की जाफराबादहून मिस्त्री आणायचा.

तरी एवढ्यावर थांबला असता तर आम्ही गल्लीवाल्यांनी माफ केलं असतं. पण एकदा तो सासुरवाडीला वाटूरला गेल्ता. तिथल्या फाट्यावर कुण्या बड्या बागायतदाराची जीप उभी होती. टायरं पुरुषाच्या कमरेएवढी. पोरं तिच्यासोबत फोटो काढत होती. मच्छिंद्र सासऱ्याच्या घरी ताटावर बसला, पण जेवण गेलं नाही. पंधरवड्यात जालन्याच्या एका भंगारवाल्याकडून तसलीच चार टायरं घेऊन आला. भंगारवाल्यानं सांगितलं होतं, मिलिटरीची हायेत. असतीलही. रिटायर होऊन आलेली असणार.

टायरं बसली आणि जीप वर गेली. तिच्यात चढायला चतुराबाईला स्टूल लागायला लागलं. चतुराबाई म्हणजे त्याची बायको. गावातून जीप निघाली की मागच्या सीटवर लाकडी स्टूल आणि त्याच्या शेजारी चतुराबाई, अशी वरात. पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासायचं, म्हणून मारुतीच्या पाराजवळचं साधं वळण घ्यायला हा तीनदा रिव्हर्स मारायचा. रस्ता सोडून ही गाडी आयुष्यात एकदाच गेली, ती त्याच्याच कपाशीत, पावसाळ्यात. तिथून तिला बैलजोडीनं ओढून काढलं. बैल भावकीचे होते. आजही ते बैल जीप दिसली की मान फिरवतात असं माझं मत आहे.

आता आपल्याकडं गाडी कुठलीही असो, माणूस आधी काय विचारतो? "किती देती?" मच्छिंद्रलाही सगळे तेच विचारायचे. हा पापणी न हलवता सांगायचा, "दहा."

"एवढ्या टायरावर?"

"दहा म्हंजे दहा. बिलकुल."

मीटर काही वेगळंच सांगायचं, सात-साडेसात. पण मीटरला कोण विचारतो? गल्लीत मात्र म्हणच पडून गेली. कुणी म्हणालं, पोरीला नव्वद टक्के पडले, की दुसरा विचारायचा, "खरे नव्वद, का मच्छिंद्रचे दहा?"

हे चतुराबाईच्या कानावर गेलं. तिला जीपचा राग होताच, पण खरं कारण शेड होतं. वाटूरला तिच्या भावाकडं दुसऱ्या वेताची म्हैस होती, भाऊ द्यायला तयार होता, आणि बांधायला दारात पत्र्याची सावली एकच. त्या सावलीत जीप उभी.

एका सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला.

"अहो, जनावर उन्हात अन् लोखंड सावलीत, हे कोन्त्या गावचं शहाणपण?"

"लोखंड न्हाई ते. लक्ष्मी हाय."

"लक्ष्मी हाय तर डिझेल कशाला पिती?"

"दहा देती ती, दहा!"

इथं मला राहवलं नाही. मी अंगणातल्या भिंतीवरून डोकं काढलं. "वहिनी, वाद कशाला? टाकी टू टाकी मोजून बघा. दहा भरली तर जीप शेडात, न्हाई भरली तर म्हैस शेडात."

मच्छिंद्रनं माझ्याकडं असं बघितलं, की बाभळीचा काटा बरा. पण "नको" म्हणावं तर दहाचं पितळ उघडं पडतं. म्हणाला, "मंजूर."

तेवढ्यात मागच्या घरातून संघपाल सर आले. सर हायस्कूलला विज्ञान शिकवतात, आणि कुठंही दोन माणसं बोलताना दिसली की त्यांना वर्ग भरल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, "मच्छिंद्रराव, तुमचं मीटर कमी दाखवतंय. टायर मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते. मीटर आपलं फेरे मोजतंय. टायर बदललं हे त्याला कुणी सांगितलंय?"

मच्छिंद्रचा चेहरा असा उजळला, की दिवाळी. "बघा! मी खरं सांगून राह्यलो व्हतो!"

"पण तसली टायरं जड असतात," सर पुढं म्हणाले, "त्यामुळं इंजिनावर लोड येतो, डिझेल जास्त—"

हे दुसरं वाक्य मच्छिंद्रनं ऐकलंच नाही.

चतुराबाईनं मात्र दोन्ही ऐकली. "मंग मीटर ऱ्हाऊ द्या. किलोमीटर सरांच्या फोनवर मोजू. अन् डिझेल पंपावरच्या आकड्यावर. पंपवाला नळी काढून ठेवीन, तव्हा जो आकडा असंल तो खरा. मंग रडायचं न्हाई."

"कोण रडतंय?" मच्छिंद्र म्हणाला.

ठरलं असं: रस्त्यावरच्या पंपावर टाकी फुल्ल करायची, जाफराबादला जाऊन यायचं, परत त्याच पंपावर फुल्ल करायची. गाडीत मच्छिंद्र, चतुराबाई, सर आणि साक्षीदार म्हणून मी. आदल्या संध्याकाळी मच्छिंद्र माझ्या दारात आला.

"रामप्रसादभाऊ, एक इनंती हाय. उद्या नाश्ता करून येऊ नका."

"का रं?"

"वजन."

सकाळी बघतो तर जीपचं ताडपत्रीचं छप्पर काढलेलं, वारं अडू नये म्हणून. मागचं फाटक काढलेलं. स्टेपनी काढलेली. टायरांत एवढी हवा, की गाडी उभ्याउभ्या थरथरत होती. चतुराबाईचं स्टूलही खाली ठेवायला निघाला होता. ती म्हणाली, "मंग मी चढू कशी?" त्यानं तिला हातांचा पाळणा करून चढवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच उचललं असावं. तेसुद्धा डिझेलसाठी.

पंपावर गर्दी होती. मागं ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवत होते, कॅनवाले ओरडत होते. पंपवाल्यानं नळी घातली, डिझेल फेसाळत वर आलं, टक्कन बंद झालं. त्यानं नळी काढून अडकवली आणि पुढच्याला हाक मारली.

"अरे, हलवली न्हाई!" मच्छिंद्र ओरडला.

इथं थोडं सांगायला हवं. डिझेल भरताना फेस येतो. टाकी भरल्यासारखी वाटते, पण आत निम्मी हवाच असते. म्हणून आमच्याकडचा जुना ड्रायव्हर गाडी धरून हलवतो, फेस बसू देतो, आणि परत भरून घेतो. काळीपिवळीच्या दिवसांत तर मच्छिंद्र सगळ्या पॅसेंजरला खाली उतरवून दोन्ही बाजूंनी हलवायला लावायचा. गाडी हलवल्याशिवाय पंप सोडणं म्हणजे त्याला लग्नातून जेवल्याशिवाय येण्यासारखं.

पण मागचा ट्रॅक्टरवाला खवळला होता. "मामा, जल्दी काढा ती उंटीण!"

निघावं लागलं. आणि मग वाटभर मच्छिंद्रचं एकच रडगाणं. "फेसच भरला गेला. दोन-अडीच लिटरची जागा मोकळी राह्यली. लुटलं मला. भरदिवसा लुटलं."

"अहो, जितकं भरलं तितकंच त्यानं दाखवलं ना?" सर म्हणाले.

"सर, तुमाला न्हाई कळायचं. टाकी अर्धपोटी निघाली हो!"

उतार आला की तो इंजिन बंद करायचा. जीप नुसती घरंगळायची, टायरांचा भुंग्यासारखा आवाज यायचा आणि चतुराबाई डोळे मिटून कुलदैवताचं नाव घ्यायची. भोंगा वाजवायचा नाही, त्यानं बॅटरी जाते, बॅटरीनं डिझेल जातं. समोर म्हशींचा कळप आला तर आम्हीच तोंडानं "हुर्र, हुर्र" करायचं. चतुराबाई त्या म्हशींकडं वळून वळून बघत होती. नवरा मुलगा मुलगी बघतो तसं.

जाफराबादला मच्छिंद्रनं चहासुद्धा पिऊ दिला नाही. उतरायचं म्हणजे इंजिन परत चालू करणं आलं. बसस्टँडवर त्याच्या लाइनीवरचा एक जुना दोस्त भेटला, म्हणाला, "मच्छिंद्रा, छप्पर कुठं गेलं?" हा न थांबता ओरडला, "तपासणी चालू हाय!" दोस्ताला वाटलं, आजारी आहे.

परत पंपावर आलो. आता गर्दी नव्हती. सरांनी फोन बघितला. "सत्तर किलोमीटर. बराबर सत्तर." मीटर साठ-एकसष्ट दाखवत होतं. सरांना एवढा आनंद झाला, की जणू टायर त्यांनीच शोधून काढलं.

म्हणजे हिशोब सोपा. सात लिटरच्या आत फुल्ल झाली, तर दहा. जीप शेडात.

पंपवाल्यानं नळी घातली. आम्ही चौघंही आकड्याकडं बघतोय. चार. पाच. मच्छिंद्रच्या ओठांवर काहीतरी पुटपुटणं चाललं होतं. सहा. साडेसहा. फेस वर आला आणि टक्कन नळी बंद झाली.

सहा पॉइंट नऊ.

खरं सांगतो, मी आकडा दोनदा वाचला. दहा! हा माणूस इतकी वर्षं खरं बोलत होता! गल्लीत आता तोंड कसं दाखवायचं? चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. तिची म्हैस वाटूरलाच राहिली. पंपवाला नळी काढायला लागला.

आणि मच्छिंद्र गरजला, "ए! थांब! नळी काढू नको! फेस हाय त्यो!"

पंपवाला थांबला.

"सकाळी बी असंच फसवलं मला. हलवा रे! भाऊ, तुमी तिकडून धरा!"

त्यानं बाही सरसावून जीप धरली आणि हलवायला लागला. सर तोंड उघडून पुढं झाले, "मच्छिंद्रराव, अहो, तुमचं—"

चतुराबाईनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. इतक्या गोड आवाजात बोलली, की तसा आवाज भिंतीपलीकडून मी कधी ऐकला नव्हता. "सर, हलवू द्या त्यांना. जुनी सवय हाय."

मी काय करणार? साक्षीदार असलो तरी शेजारी आहे. मी पण दुसऱ्या बाजूनं जोर लावला. जीप अशी डुलली, की वाटावं अंगात आलं. फेस बसला. पंपवाल्यानं परत घोडा दाबला. सात. "अजून हलवा!" साडेसात. "बसू दे, बसू दे." आठ. "आता कसं पोट भरून राह्यलं!" साडेआठ. नऊ. फडक्यानं घाम पुसत, धापा टाकत, समाधानानं मच्छिंद्र म्हणाला, "बस्स. आता फुल्ल."

नळी अडकवली गेली. आकडा नऊ पॉइंट चारवर थांबला.

चतुराबाई म्हणाली, "सर, सत्तर भागिले नऊ पॉइंट चार किती?"

"साडेसातच्या आत," सर हळूच म्हणाले.

मच्छिंद्रच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. "ए, हे सकाळचं डिझेल हाय! सकाळी भरायचं राह्यलं व्हतं ते! हे धरायचं न्हाई!"

"नळी काढून ठेवली का?" चतुराबाईनं विचारलं.

"ठेवली, पन—"

"मंग आकडा बोला."

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. गाडीनं खरंच दहा दिले होते, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. फक्त ते तिनं उतारावर इंजिन बंद ठेवून दिले होते, आणि धन्यानं सपाटीवर हातानं हलवून परत घालवले.

आता जीप लिंबाखाली उभी असते, छपराशिवाय. कोंबड्या स्टेअरिंगवर बसतात. शेडात म्हैस आहे, काळीभोर, जीपपेक्षा बुटकी आणि कामाची. दूध मच्छिंद्रच काढतो, आणि दारावर मापही तोच घालतो. काल मी तांब्या घेऊन गेलो. त्यानं किटलीतून उंचावरून धार सोडत लिटरचं माप भरलं. निम्मं दूध, निम्मा फेस. आणि तसंच माझ्या तांब्यात ओतायला लागला.

"मच्छिंद्रा," मी म्हणालो, "फेस बसू दे की."

"बसायला येळ न्हाई, भाऊ. अन् फेस बी दूधच असतंय."

मी तांब्या खाली ठेवला. त्याच्या हातातलं माप दोन्ही हातांनी धरलं आणि हलवायला लागलो. आतून चतुराबाई हसली. मच्छिंद्रनं माझ्याकडं बघितलं, मापाकडं बघितलं, लिंबाखालच्या जीपकडं बघितलं, आणि मुकाट्यानं किटली परत तिरकी केली.