घरी मराठी बोलू नका म्हणे

ग्रुपवरच्या आयांनो, आज डोकं फार तापलं आहे, म्हणून लिहिते.

आमचा मल्हार चार वर्षांचा. इथल्या बेसा भागातल्या नर्सरीत टाकला तेव्हाच त्याच्या मॅडमनी बजावलं होतं, घरी त्याच्याशी मराठी बोलू नका, मूल गोंधळतं. मी उमरेडची, मराठी शाळेत शिकलेली. तरी वर्षभर माझ्या मोडक्या इंग्रजीत बोलत राहिले. कम, सिट, ईट, एवढंच जमायचं. गोष्ट सांगता आली नाही, नीट रागावताही आलं नाही.

हळूहळू तो बोलेनासा झाला, म्हणून आज डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं अन् म्हणाले, "पोरात काही दोष नाही. भाषा ऐकून येते, अन् याच्या कानावर पूर्ण वाक्यच पडून नाही राहिलं. तुमच्या भाषेत भरपूर बोला. इंग्रजी मागून शिकेल."

बाहेर येऊन मी विचारलं, "भूक लागली का रे तुले?"

मी कोणाशी बोलते आहे, ते त्यानं मागे वळून पाहिलं.

घरी येऊन मॅडमना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही सगळ्याच पालकांना तेच सांगतो."

तुमच्यापैकी किती जणी शाळेचं हे ऐकून घरी मराठी टाळत आहेत, खरं सांगाल?