नव्या इंजिनाची पहिली वीस मिनिटं

टोलेडोच्या पूर्वेकडच्या आमच्या गल्लीत कुणी जुन्या गाडीचं इंजिन नव्यानं बांधलं, की ते पहिल्यांदा सुरू करायला अख्खी गल्ली लोटते. घडीच्या खुर्च्या येतात, बिअर येते, कुणीतरी अंगणातच सॉसेज भाजायला घेतं, आणि ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही तोही बॉनेटखाली डोकं घालून सल्ला देऊन जातो. लुई साबादोशच्या हिरव्या, दांडग्या इंजिनाच्या मसल कारसाठी तर बायकांनी कोबीचे रोल करून आणले होते. ही गाडी लुईनं एकोणसत्तर साली कोरी करकरीत घेतली, तेव्हा तो इंजिनं जोडायच्या कारखान्यात होता. निवृत्त होईपर्यंत त्यानं तेच केलं.

त्याची मुलगी रॉक्सॅन कोलंबसला शाळेची बस चालवते. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत, आणि पाना हातात घेतला की बापासारखीच जीभ बाहेर काढणारी. तीन हिवाळे ती दर शनिवारी अडीच तास गाडी हाकत यायची. बापलेकींनी ते आठ सिलिंडरचं धूड सुटं केलं, घासलं, नवे पार्ट घालून पुन्हा जोडलं. त्या दिवशी मात्र तिला इंजिनापेक्षा बापाची धास्ती जास्त होती. नाताळात लुई गॅस चालू ठेवून झोपी गेला होता. तेव्हाच तिनं त्याला बजावलं होतं, "बाबा, अजून एकदा असं काही विसरलात तर हे घर बंद. माझ्या गावच्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय मी." हे घर सोडायचं म्हणजे लुईला मरणच होतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

आता इंजिनातले व्हॉल्व्ह उघडझाप करतात ते कॅम नावाच्या दांड्यामुळे. हा दांडा नवा असला, की पहिली वीस मिनिटं रेस धरूनच ठेवायची. मग तेल उसळून त्याच्यावर पडत राहतं. मध्येच रेस सोडली आणि इंजिन हळू फिरू दिलं, तर कोरडा कॅम घासून कामातून गेलाच म्हणून समजा. इंजिनं जोडणारा माणूस हे झोपेतही सांगेल.

मान लुईचा, म्हणून स्टिअरिंगवर लुई बसला. शेजारचा डेल्बर्ट ग्रोल, ज्याची हयात मशीन शॉपमध्ये गेली, तो इंजिन तापू नये म्हणून रेडिएटरवर पाण्याचा पाइप धरून उभा राहिला. रॉक्सॅन इंजिनाशी. लुईनं चावी फिरवली, इंजिन एकदा खोकलं आणि असं गर्जलं, की कुणाच्या तरी हातातला रोल खाली पडला. रॉक्सॅनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

थोड्याच वेळात लुईनं खिडकीतून हात हलवला. "रॉक्सी, खाली पाणी ठिबकतंय बघ. तळघरात पाइप आवळायचा नवा क्लॅम्प आहे, आण जा."

"तुम्ही रेस सोडू नका हं, बाबा."

"मला शिकवतेस होय? जा."

ती तळघरात गेली. तिथं डब्यांचा नुसता उकिरडा; क्लॅम्प काही मिळेना. तेवढ्यात डेल्बर्टचं पाणी बंद पडलं, म्हणून तो घरामागच्या नळाकडे गेला. रॉक्सॅन हात हलवत वर आली आणि दारातच थबकली. गर्जना थांबली होती. गाडी आपली मजेत गुडगुड गुडगुड करत उभी होती, आणि हौशी मंडळी खुर्च्यांवर बसून तो आवाज ऐकत माना डोलवत होती. लुईचे दोन्ही हात मांडीवर होते.

"बाबा, रेस धरा!" ती ओरडतच धावली आणि बॉनेटखाली हात घालून तिनं स्वतःच रेस वाढवली. उरलेला वेळ ती तशीच धरून उभी राहिली. पण गाडी बंद करायच्या आधीच आतून टिक टिक सुरू झाली होती. डेल्बर्टनं लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली, आणि त्याचा चेहरा पडला.

"फिल्टर काप, पोरी," तो म्हणाला.

तिनं ऑइल फिल्टर काढून कापला आणि आतल्या कागदाच्या घड्या उन्हात उलगडल्या. तेलात चांदीसारखी चमकी भरली होती. पोरींनी गालाला लावावी तशी बारीक, घडीघडीत. रॉक्सॅन ती बोटावर घेऊन बघतच राहिली. कॅम गेला होता, आणि त्याचा चुरा तेलाबरोबर सगळ्या इंजिनभर फिरला होता. पुन्हा पहिल्यापासून सगळं सुटं करायचं. मंडळी हळूहळू उठली. कुणी म्हणालं, "वय झालं बिचाऱ्याचं." तिनं ते ऐकलं.

स्वयंपाकघरात लुई कोबीचा रोल चवीनं खात बसला होता. तिचं डोकंच फिरलं.

"बाबा, आता पुरे. शाळेला सुट्टी लागली की हलायचं तुम्ही. आज गाडी गेली, उद्या घर पेटेल. तुम्ही स्वतः ही इंजिनं जोडलीत, आणि रेस धरायची विसरलात?"

लुईनं काटा खाली ठेवला. "मी विसरलो नाही."

"मग काय झालं?"

"पाय उचलला."

"म्हणजे?"

"मुद्दाम उचलला." त्यानं खिशात हात घातला आणि नवा क्लॅम्प काढून टेबलावर ठेवला. "तळघरात कुठून सापडणार? माझ्याच खिशात होता. ब्रेक सैल सोडून डेल्बर्टचा पाइपही मीच चाकाखाली घेतला, जरासा. गॅसचं विसरलो होतो, ते कबूल. हे नाही."

रॉक्सॅननं क्लॅम्प उचलून उलटसुलट करून बघितला. तीन हिवाळे! गारठून बधिर झालेली बोटं, पाठीत भरलेली उसण, नवऱ्याची बोलणी. आणि या माणसानं ते सगळं हसत हसत घासून संपवलं होतं. आपल्यासमोर बसलेला हा म्हातारा कोण आहे, हेच तिला क्षणभर कळेना.

"वेड लागलंय तुम्हाला," ती कशीबशी म्हणाली. "आणि आधी? तीन वर्षांपूर्वी इंजिन बिघडलं म्हणून तुम्ही फोन केलात तेव्हा?"

"तेव्हा खरंच गेलं होतं इंजिन. देवाशपथ."

"पण का, बाबा?"

"गाडी झाली असती तर तू आली नसतीस."

"काहीतरीच काय! आले असते मी."

"तुझी आई गेली त्यानंतरच्या वर्षी किती वेळा आलीस?" त्यात टोमणा नव्हता. बाहेर गार आहे का, असं विचारावं तसं त्यानं विचारलं. "दोनदा. मग मी इंजिन बिघडलं म्हणून फोन केला, तर शनिवारी सकाळीच दारात हजर. म्हातारा बिघडला म्हणून कुणी येत नाही गं, रॉक्सी. मला आश्रमात टाकायचं तर टाक. पण विसरला म्हणून टाकू नकोस."

तिला ओरडायचं होतं. आले असते, शंभरदा आले असते, तुम्ही मला समजता काय, असं सगळं ओठांवर आलं होतं. पण पुढच्या शनिवारपासून मी मोकळी, जादा फेऱ्या माझ्या नावावर लावा, असं ती आदल्याच दिवशी डेपोत सांगून आली होती.