वन्संची इस्त्री

माझ्या नणंदबाई वर्तमानपत्रात नव्या मालिकांवर लिहितात. मालिका बघतात मात्र इस्त्री करता करता. कपडे भराभर उरकले, की आम्ही समजतो, उद्या कुणाची तरी खरडपट्टी निघणार. हात थांबला, तर मालिका बरी.

काल आमच्या लेकीनं लिहिलेली पहिली मालिका लागली.

"वन्सं, भाची आहे हो तुमची," मी म्हटलं.

"म्हणून तर तुमच्याकडे पाठ करून उभी राहिलेय. तुमची तोंडं बघून लिहायचं नाही मला."

मालिका सुरू झाली. शर्ट झाले, उशांचे अभ्रे झाले. लेकीनं माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात पडद्यावरची सासू सुनेची नक्कल करताना नेमकी सुनेच्याच तावडीत सापडली, आणि वन्सं खो खो हसत सुटल्या. पाठोपाठ जळका वास आला.

"अगं, माझा नवा शर्ट!" हे ओरडले.

लेक ताडकन उठली. "जळला? आत्या, खरंच जळला?"

"पाठीवर अख्खी इस्त्री उमटलीये," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या. "पण सुरुवात फार लांबवलीयस, तेही लिहिणार आहे मी."

आज सकाळी हे तोच शर्ट घालून पेपर आणायला गेले.