कॅमेऱ्याबाहेरचा पेशंट
पार्सलची चिकटपट्टी फाडली की तो गोंदाचा वास येतो आणि माझे पाय अजून जमिनीवर खूण शोधायला लागतात. न्यू जर्सीतल्या एका बंद पडलेल्या हॉस्पिटलात टीव्ही मालिकेचं शूटिंग होतं, आणि ऑफिसला सुट्टी टाकून मी नर्स झाले होते. निळ्या चिकटपट्टीच्या खुणेवर उभं राहून पेशंटला ‘पडून राहा’ एवढंच इंग्रजीत म्हणायचं होतं. सहा वेळा म्हटलं, सहाही वेळा कट. पेशंटचं काम करणारा नट आपले शॉट उरकून केव्हाच निघून गेला होता, त्यामुळे मी नुसत्या उशीशी बोलत होते. दिग्दर्शक म्हातारा इंग्रज, तरुणपणी नट होता म्हणे. तो मॉनिटरसमोरून उठला, बूट काढले आणि स्वतःच पलंगावर आडवा झाला. कॅमेऱ्यात तो दिसणारच नव्हता. शॉट सुरू होताच तो धडपडत उठला, माझं मनगट धरून म्हणाला, “माझी बायको आली का?” तो पलंगावरून उतरायलाच निघाला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, पडून राहा ना, येतील त्या!” चक्क मराठीत. सगळं युनिट हसलं, तो हसला नाही. “आता हेच इंग्रजीत,” म्हणाला. आठवा टेक ओके झाला. असिस्टंटने दोनदा हाक मारली तरी तो पलंगावरून उठेना. पुढे तो भाग लागला, तेव्हा माझं वाक्य होतं, पण समोरून आवाज त्या निघून गेलेल्या नटाचा. अजूनही तो प्रसंग लावला की मी आवाज बंद करते, म्हणजे म्हाताऱ्याचा ऐकू येतो.